जाळ्याचे पैसे कोण देणार?

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे कासवांची पिल्लं बघायला पाहुणे यायला लागतात. मुंबई-पुण्याचे जास्त, हल्ली कोल्हापूर-सांगलीकडचेही. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव. ओटी, पडवी, मागे विहीर आणि माडा-पोफळीची वाडी असलेल्या घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. रात्रीची जेवणं आटोपली की पडवीत प्रश्न सुरू होतात. पिल्लं नक्की दिसतील का? हातात घेता येतील का? बिबट्या इथपर्यंत येतो का? आम्ही यांच्यासाठी काय करू शकतो? हे प्रश्न मला आवडतात. दिवसभर गाडीत अंग आंबलेलं असताना कुणी कासवांची चौकशी करतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

गावातली माणसं मला विचारतात ते वेगळं असतं. "वहिनी, जाळ्यात कासव आलं नि जाळं कापून सोडलं, तर जाळ्याचे पैसे कोण देणार?" "वांदरांनी शहाळी पाडली, त्याचं काय?" "खाजणात कांदळ उगवली, ती माझी की सरकारची?" हे प्रश्न कधी चिडून येतात, कधी थट्टेत, पण त्यामागे कुणाचं तरी खरं नुकसान असतं. इतकी वर्षं दोन्हीकडचे प्रश्न ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. या किनाऱ्यावर जे काही वाचलंय, ते गावाच्या प्रश्नाला कुणीतरी नीट उत्तर दिलं तिथे वाचलंय. जिथे उत्तर मिळालेलं नाही, तिथलं रान आमच्या डोळ्यांदेखत चाललंय.

सुरुवात कासवांपासूनच करते, कारण तिथे सांगण्यासारखं चांगलं खूप आहे.

घरटं शोधणं हे पहाटेचं काम. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने दाबून जागा सपाट करते आणि समुद्रात परत जाते. मागे तिच्या पायांचा माग राहतो. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावातलाच माणूस, उजाडायच्या आत तो माग धरून चालत जातो. कोल्हे आणि कुत्रीही त्याच वेळी निघालेली असतात, म्हणून उशीर परवडत नाही. वाळू विस्कटलेली दिसली की तो तिथे बारीक काठी हलक्या हाताने टोचत जातो. घट्ट वाळूत काठी अडते, घरट्याच्या तोंडावर मात्र अलगद आत जाते. मग काठी बाजूला ठेवून हाताने उकरायचं. कोपरापर्यंत हात गेला की अंडी लागतात, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी. कवच कडक नसतं, बोट लागलं तर खळगा पडतो. अंडं ज्या बाजूने वर असेल तसंच उचलायचं, गोल फिरवायचं नाही. आतला गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटलं तर तो मरतो. बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओली वाळू, तिच्यावर अंडी. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायला कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा, तळाशी फुगीर खड्डा तयार असतो. त्यात अंडी ठेवली की वर तारखेची पाटी लागते. हे काम आमच्याकडचा जो माणूस करतो, त्याचे वडील हीच अंडी काढून बाजारात नेत. हे तो स्वतःच पाहुण्यांना सांगतो, मान खाली न घालता, आणि मला त्याचा फार आदर वाटतो.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यावर पालथी घातलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पाहुण्यांना मी आधीच बजावते की कुठल्या दिवशी येतील ते कुणीही सांगू शकत नाही. हातात का घ्यायचं नाही, हे पण सांगते. पिल्लांना पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडतात, कारण ती चाल त्यांनी स्वतः चालायची असते. मादी मोठी झाल्यावर आपल्या जन्माच्या पट्ट्याकडे अंडी घालायला परतते, आणि त्या किनाऱ्याची ओळख तिला याच पहिल्या काळात होते, असं अभ्यासक मानतात. टॉर्च आणि मोबाईलचा उजेड बंद ठेवायचा, कारण पिल्लू उजेडाकडे वळतं. वाळूच्या उष्णतेवर नर की मादी हे ठरतं, हे ऐकलं की सगळे थक्क होतात. साधारण २९-३० अंशांच्या वर वाळू तापली की माद्या जास्त, त्याखाली नर जास्त. म्हणून उन्हाळा कडक असेल तेव्हा हॅचरीवर सावलीला जाळी बांधतात.

"ही कासवं आपल्याच किनाऱ्यावरची का?" असंही विचारतात. याचं उत्तर अलीकडे बदललं. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरला, त्या कुठे जातात ते कळावं म्हणून, पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, त्यांना प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी अशी नावं दिली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पायाला पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशात बांधलेली होती. म्हणजे ही बाई अख्ख्या हिंदुस्थानला वळसा घालून पूर्व किनाऱ्यावरून आमच्याकडे आली. ही बातमी कळली त्या दिवशी गावात कित्येकांनी एकमेकांना फोन केले.

आता गावाच्या प्रश्नाकडे येते. २००२ मध्ये चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी फिरत असताना मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांच्या अंड्यांच्या टरफलांपाशी येऊन थांबली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काम सुरू केलं. कायदा तेव्हाही होता, कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नुसता कायदा दाखवला असता तर अंडी रात्री गेली असती. त्यांनी किनारा ओळखणाऱ्या गावातल्याच माणसांना राखणदार केलं, त्यांना मानधन दिलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरायला लागले. भाकरी, आमटी, उकडीचे मोदक यांचे पैसे थेट बायकांच्या हातात आले. मोठं हॉटेल न बांधता हे झालं, ही त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. आता वेळासमध्ये एखाद्याने घरटं उकरलं तर पोलिसांच्या आधी शेजारीण त्याला धरेल.

जाळ्याचंही तसंच. डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकारची योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो जिवंत सोडला, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा चित्रीकरण लागतं. आमच्याकडच्या पोरांनी होडीत मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली ती यासाठी. पूर्वी कासव मेलेलं निघालं तर गुपचूप पाण्यात टाकत, कुणाला कळायला नको म्हणून. आता सोडलेल्या कासवाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर येतो आणि सगळे त्याला शाबासकी देतात.

माशांबद्दल पाहुण्यांना मी एकच सांगते. पापलेट, आपला सरंगा, सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमासा झाला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवला, पापलेटला १३५ मिलिमीटर. ताटात त्याहून लहान पापलेट आलं तर ते पिलू आहे, एकदाही अंडी न घातलेलं. ते मागू नका. मागणी राहिली तर पिलू पकडणारा थांबणार नाही, आणि पावसाळ्यातली बंदी पाळणाऱ्या लहान होडीवाल्याच्या वाट्याला नंतर काही उरणार नाही.

खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, कांदळीचा प्रश्न अधिक अवघड आहे. आमच्या खाडीकाठी पूर्वी खारे बांध घालून भात पिकवत. बांध फुटले, माणसं मुंबईला गेली, शेतात भरतीचं पाणी शिरलं, आणि चिपी, तिवर, कांदळ ही खारफुटीची झाडं आपसूक उगवली. सातबारा आजही त्याच कुटुंबाच्या नावावर आहे. त्यांना ती तोडता येते का? येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की जमीन कुणाच्याही मालकीची असो, कांदळवन तोडता येणार नाही, आणि त्याच्या भोवतालच्या ५० मीटरात बांधकाम चालणार नाही. हा निकाल मला पूर्ण पटतो. कांदळीच्या मुळांत कोळंबी आणि कितीतरी माशांची पिल्लं वाढतात, गाळ धरला जातो, लाटेचा जोर मोडतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या वाड्या आडव्या केल्या, त्यानंतर खाडीकाठचं प्रत्येक झाड मला जवळचं वाटतं. पण आजोबांच्या घामाची जमीन अशी हातातून गेली, हे दुःखही खरं आहे, आणि ते बोलून दाखवणाऱ्याला पर्यावरणाचा शत्रू ठरवणं मला पटत नाही. २०१७ पासून कांदळवनाच्या आधारे खेकडापालन, कालवंपालन करायला सरकारी अनुदान आहे. काही खाडीगावांत बायकांचे गट कांदळवनातून होडीने पाहुणे फिरवतात. असं काही हातात पडलं की तोच माणूस कांदळ राखायला उभा राहतो. आमच्या खाडीत ते अजून आलेलं नाही, आणि म्हणून अधूनमधून रात्री कुऱ्हाडीचा आवाज येतो.

बिबट्याचं पटकन सांगते. तो येतो, पूर्वीही येत होता. तो कुत्र्यांच्या, कोंबड्यांच्या मागे येतो, माणसाच्या नाही. कोकणात त्याचा मोठा वैरी म्हणजे कठडा नसलेली विहीर. अंधारात भक्ष्यामागे धावताना तो आत पडतो, सकाळी अख्खं गाव काठावर जमतं, आरडाओरडा होतो आणि तो दमून बुडतो. असं झालं तर एक लाकडी ओंडका किंवा खाट दोराने खाली सोडा, गर्दी मागे हटवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि विहिरीला कठडा बांधा, घरातल्या पोरांसाठीही.

दोन गोष्टींबद्दल मात्र दबक्या आवाजात विचारतात, आणि तिथे मी आवाज चढवते. एक म्हणजे व्हेलची उलटी. स्पर्म व्हेल संरक्षित प्राणी आहे, त्याच्या आतड्यातून येणारा तो पदार्थ बाळगणं, विकणं दोन्ही गुन्हा. कोकणातली कितीतरी तरुण मुलं 'कोटीचा माल' या आमिषाला भुलून तुरुंगात गेली. दुसरं म्हणजे खवले मांजर. मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारं, वर्षाला बहुधा एकच पिल्लू देणारं हे गरीब जनावर भ्यायलं की अंगाचा गोळा करतं, आणि म्हणूनच चोराला ते नुसतं उचलून नेता येतं. त्याची खवलं म्हणजे आपल्या नखात असतं तेच द्रव्य, औषधी गुण त्यात काही नाही. चिपळूणजवळच्या डुगवे गावाने खवले मांजराला ग्रामदेवतेच्या पालखीसोबत मान दिला, त्याचा उत्सव केला. देवळात मान मिळाला की त्या जनावराला हात लावायची कुणाची छाती होत नाही. कोकणात हे कायद्याहून लवकर लागू पडतं.

वानरांचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या शेजारच्या काकांनी गेली काही वर्षं परसात भोपळा लावला नाही, पडवळ नाही, केळ नाही. पावटा, तूर केव्हाच सोडली. सकाळी टोळी येते, शहाळ्याला वरून भोक पाडते, पाणी पिते, उरलेलं खाली टाकते. आंब्याचा मोहर झोडपते. काजूचं बोंड खाऊन बी फेकते, तेवढीच काय ती दया. काका डबा वाजवतात, फटाके लावतात, आणि वय झालंय म्हणून दमून ओट्यावर बसतात. "तुमच्या कासवाला मानधन आहे, माझ्या शहाळ्याला काय आहे?" ते मला विचारतात. जंगली जनावरांनी पिकाचं नुकसान केलं तर भरपाईची तरतूद आहे, माकडांचा त्यात समावेशही आहे. पण झाडावरून रोज चार नग गेले तर त्याचा पंचनामा कसला आणि कितीदा करणार? अर्ज, फोटो, फेऱ्या यांतच शहाळ्यांची किंमत निघून जाते.

यामागचं कारण रानातच आहे. डोंगरावरचे उंबर, वड, जांभूळ, किंजळ तुटले, वरकस जमिनीवरची नाचणी-वरी बंद पडली, घाटात गाड्या थांबवून लोक केळी-बिस्किटं भरवायला लागले. पाहुण्यांना मी हात जोडून सांगते की ते भरवणं बंद करा. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेली टोळी शेवटी काकांच्या परसात उतरते. त्यांचा राग मी समजू शकते. त्यांनी बंदूक काढली तर मी त्यांना अडवीन, पण त्यांच्या ओट्यावर बसून सहजीवनावर भाषण माझ्याच्याने देववणार नाही.

आणि रानाचं काय? रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, जवळजवळ सगळं रान लोकांच्या खासगी मालकीचं. मालक मुंबईत, सातबाऱ्यावर वीस नावं, आणि दर काही वर्षांनी ठेकेदार येतो. तो उभं रान जळाऊ लाकडाच्या भावात उक्तं घेतो आणि ट्रक भरून नेतो. देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, तेवढी टिकली, कारण तिथे फांदी तोडायची तरी देवाला कौल लावावा लागतो. पण हल्ली देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिली कुऱ्हाड रहाटीतल्याच झाडावर पडते आणि स्लॅबचं देऊळ उभं राहतं. आमच्या गुरवांना याचं वाईट वाटतं, पण सभेत ते एकटे पडतात.

सड्याची, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठाराचीही हीच गत. कागदोपत्री पोटखराब. पहिल्या पावसात तिथे दीपकाडीची पांढरी फुलं येतात, ही जात कोकणाबाहेर कुठे नाही. श्रावणापर्यंत गेंद आणि सीतेची आसवं ही फुलं सडा झाकून टाकतात. कातळात कोरलेली चित्रं तर २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. गावाला जवळची गोष्ट मात्र पाण्याची आहे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये टँकर लागतो, आणि सड्यावर मुरलेलं पाणीच डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यांना येतं. तिथे चिरेखाण पडली की खालच्या वाडीचा झरा आटतो. हे वाडीतल्या बायकांनी स्वतः पाहिलंय, त्यांना कुणी शिकवायला नको.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या वाडीतल्या एका मावशींनी बेहड्याचं झाड विकायला काढलं. जुनं, दोघांच्या कवेत न मावणारं, खोडात वर ढोली. त्या ढोलीत ककणेर घरटं करतो, म्हणजे मलबारी कवड्या धनेश. मादी स्वतःला आत कोंडून घेते, चिखल-विष्ठेने दार लिंपते, आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. अशी ढोली असलेली झाडं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत. मी मावशींना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांनाही तो पक्षी आवडतो, त्याच्या पंखांचा आवाज त्या लहानपणापासून ऐकत आल्यात. मग त्या म्हणाल्या, "ठेकेदार रोख देतोय, नि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. झाड ठेवलं तर तू काय देशील?"

मावशींचा प्रश्न सरळ होता. मी घरी येऊन ज्या घरांत पाहुणे उतरतात त्या बायकांना बोलावलं. ठरलं ते असं: प्रत्येक पाहुण्यामागे थोडी रक्कम बाजूला काढायची आणि ढोलीच्या झाडांच्या मालकांना दर वर्षी झाड उभं ठेवण्याबद्दल द्यायची. मावशींना पहिली उचल दिली, ठेकेदाराच्या आकड्यापेक्षा ती कमी होती, तरी त्यांनी झाड ठेवलं. ककणेर जानेवारीत तिथे आला, पाहुण्यांनी तो लांबून दुर्बिणीतून पाहिला.

आता दुसऱ्या वाडीतले लोक विचारतायत की आमच्या उंबराला का नाही, आणि शेजारचे काका विचारतायत की शहाळ्यांसाठी यातून काही निघेल का. आमच्यातल्या दोघी-तिघींना वाटतं पैसे पुरणार नाहीत, आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कायद्याने असावीच लागते. आमच्याकडे ती नावापुरती आहे, तिची नोंदवही कपाटात पडून आहे. त्या वहीत जुन्या झाडांच्या आणि झऱ्यांच्या जोडीने काकांच्या परसातलं नुकसानही महिन्या-महिन्याला लिहायचं, आणि झाडांच्या पैशाचा भार समितीने उचलायचा, असा अर्ज आम्ही बायकांनी सह्या करून दिलाय. पुढच्या ग्रामसभेत तो विषय घेतील असं सरपंचांनी कबूल केलंय. काकांनीही त्या अर्जावर सही केली आहे.